वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीन आणि चॅप्टर यांना खुले पत्र : चौथ्या एडवर्डच्या दोन मुलांविषयी

प्रति,
आदरणीय डीन महोदय (ॲबीचे प्रमुख) आणि चॅप्टरचे (ॲबीच्या धर्मगुरुमंडळाचे) सन्माननीय सदस्य,
वेस्टमिन्स्टर ॲबी, लंडन.

स. न. वि. वि.

आपल्या ॲबीतील सातव्या हेन्रीच्या चॅपेलमध्ये, उत्तरेकडील भागात, पहिल्या एलिझाबेथच्या थडग्यापासून काही पावलांवर पांढऱ्या संगमरवराचा एक अस्थिकलश आहे. सर ख्रिस्तोफर रेन यांच्या आराखड्यानुसार तो घडवला गेला आणि १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या आज्ञेने तेथे बसवला गेला. त्यावरील लॅटिन लेख सांगतो की या अस्थी इंग्लंडचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड, यॉर्कचा ड्यूक, यांच्या आहेत. त्याच लेखानुसार राज्य बळकावणाऱ्या चुलत्याच्या हुकमावरून त्यांना लंडनच्या टॉवर या किल्ल्यात उशांनी गुदमरवून मारले गेले आणि लपवून पुरले गेले. आणि १७ जुलै १६७४ रोजी, अगदी निःसंशय पुराव्यांनिशी, त्यांच्या अस्थी सापडल्या. या लेखातील ‘निःसंशय’ हा दावा खरा नाही. अस्थी त्या दोघांच्या असू शकतील, नसूही शकतील. परंतु आज उपलब्ध असलेल्या माहितीवर कोणीही तसे खात्रीने सांगू शकत नाही, आणि तरीही साडेतीनशे वर्षांच्या आसपास तो दगड ते खात्रीने सांगत आला आहे.

या पत्राद्वारे माझी विनंती अशी आहे की त्या कलशातील अस्थींचे कालनिर्धारण आणि डीएनए परीक्षण करण्यास आपण संमती द्यावी, त्यासाठी राजेसाहेबांची जी अनुज्ञा लागते ती मिळावी म्हणून आपण स्वतः पुढाकार घ्यावा, आणि निर्णय होईपर्यंत कलशाशेजारी एक साधा फलक लावून या अस्थींची ओळख अद्याप सिद्ध झालेली नाही, हे येणाऱ्या प्रत्येकास सांगावे.

हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे की इंग्लंडच्या मध्ययुगाविषयी आस्थेने वाचणारे लोक मराठीतही आहेत आणि ही मागणी त्यांच्यासमोर त्यांच्या भाषेत मांडली जावी, असे मला वाटते. शिवाय ज्या राजाने तो कलश बसवला तो आमच्या इतिहासाला परका नाही. १६६१च्या विवाहकरारात मुंबई ज्याला पोर्तुगीजांकडून आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये ज्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तोच हा दुसरा चार्ल्स. टॉवरमध्ये या अस्थी सापडल्या त्याच्या आदल्याच महिन्यात रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला होता आणि त्या सोहळ्याला कंपनीचा वकील हेन्री ऑक्सेंडेन हजर होता. इतका संबंध सांगून मी मूळ विषयाकडे येते.

या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा त्या चुलत्याच्या, म्हणजे तिसऱ्या रिचर्डच्या, दोषाभोवती फिरते. त्याने पुतण्यांना मारले की नाही, हा वाद पाच शतके चालू आहे आणि अस्थिपरीक्षणाने तो मिटणार नाही, हे मी मान्य करते. माझी विनंती त्या वादासाठी नाही. ती एका कुटुंबासाठी आहे, आणि त्या कुटुंबाशी आपल्या ॲबीचा जो संबंध आहे त्याच्या आधाराने मी ती करत आहे.

तो संबंध १४७० मध्ये सुरू होतो. यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांत तेव्हा गादीसाठी युद्ध चालू होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला यॉर्क घराण्याचा चौथा एडवर्ड राज्य गमावून समुद्रापार बर्गंडीच्या आश्रयाला गेला आणि त्याची गर्भवती राणी एलिझाबेथ वुडव्हिल आपल्या लहान मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीच्या अभयक्षेत्रात शिरली. शत्रूच्या ताब्यातील राजधानीत तिला सुरक्षित अशी तेवढीच एक जागा उरली होती. नोव्हेंबरच्या आरंभी तेथेच तिला मुलगा झाला. राजाच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा एरवी केवढ्या थाटात झाला असता. येथे मात्र तो जवळजवळ गुपचूप उरकावा लागला, आणि धर्मपिता म्हणून उभे राहिले ते ॲबीचे मठाधिपती थॉमस मिलिंग व मठाचे प्रायर, म्हणजे उपप्रमुख. म्हणजे ज्या मुलाचे नाव त्या कलशावर कोरले आहे तो आपल्याच आवारात जन्मला, आपल्याच मठाने त्याला पदरात घेतले आणि आपल्याच मठाधिपतींनी त्याचे धार्मिक पालकत्व स्वीकारले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एडवर्ड राज्य परत जिंकून आला, तेव्हा त्याने आपला मुलगा प्रथम पाहिला तो वेस्टमिन्स्टरलाच. राजा हा उपकार विसरला नाही. मिलिंग यांना काही वर्षांतच हेरफर्डचे बिशपपद मिळाले.

त्यानंतरची बारा वर्षे या घराण्याच्या भरभराटीची होती. एडवर्ड आणि एलिझाबेथ यांना एकूण दहा मुले झाली, सात मुली आणि तीन मुलगे. त्यांपैकी मार्गारेट ही मुलगी १४७२ मध्ये काही महिन्यांची असतानाच वारली आणि तिला आपल्याच ॲबीत पुरले गेले. धाकटा मुलगा जॉर्ज दोन वर्षांचा होऊन गेला, आणि मेरी ही दुसरी मुलगी वडिलांच्या आधी वर्षभर, चौदाव्या वर्षी, वारली. रिचर्ड या मधल्या मुलाचे लग्न तो अवघा चार वर्षांचा असताना, जानेवारी १४७८ मध्ये, नॉरफकच्या ड्यूकची एकुलती एक वारस ॲन मोब्रे हिच्याशी लावले गेले. नवरी पाच वर्षांची होती. ती नऊ वर्षांची होण्याआधीच वारली आणि तिची मालमत्ता मात्र रिचर्डकडे राहिली. राजघराण्यांचे हे व्यवहार वाचताना मन विषण्ण होते. परंतु या लहान मुलीचा उल्लेख मी मुद्दाम करत आहे, कारण पुढे तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

९ एप्रिल १४८३ रोजी चौथा एडवर्ड एकेचाळिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर वारला. बारा वर्षांचा नवा राजा लडलोहून लंडनकडे निघाला, तेव्हा वाटेत स्टोनी स्ट्रॅटफर्डला चुलता रिचर्ड, ग्लॉस्टरचा ड्यूक, याने त्याला आपल्या ताब्यात घेतले आणि मामा अँथनी वुडव्हिल व सावत्र भाऊ रिचर्ड ग्रे यांना अटक केली. दोघांचीही शिरे जूनच्या अखेरीस पाँटफ्रॅक्टला उडवली गेली. बातमी कळताच राणी रातोरात पुन्हा आपल्या ॲबीच्या आश्रयाला आली. या वेळी तिच्याबरोबर पाच मुली होत्या आणि नऊ वर्षांचा धाकटा मुलगा रिचर्ड होता. थोरला टॉवरमध्ये, धाकटा अभयक्षेत्रात. जोवर दोघे दोन ठिकाणी होते तोवर दोघांचाही जीव सुरक्षित होता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते, कारण एकाला मारून राज्य मिळत नव्हते.

१६ जून १४८३ रोजी तो धाकटा मुलगा ॲबीतून बाहेर काढला गेला. बाहेर नदीवर आणि रस्त्यावर सशस्त्र माणसे उभी होती. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बर्शर यांनी आईची समजूत घातली, मुलाच्या सुरक्षिततेची हमी दिली, आणि भावाच्या राज्याभिषेकासाठी त्याची सोबत हवी, असे कारण सांगितले. तो राज्याभिषेक कधीच झाला नाही. दहा दिवसांत चुलत्याने मुकुट स्वीकारला आणि ६ जुलैला आपल्याच ॲबीत त्याला अभिषेक झाला. दोन्ही भाऊ काही काळ टॉवरच्या बागेत खेळताना दिसत होते. मग ते आतल्या खोल्यांत नेले गेले, दिवसेंदिवस कमी दिसू लागले, आणि शेवटी दिसेनासे झाले.

डीन महोदय, त्या दिवशी ॲबीचे मठाधिपती जॉन एस्टेनी आणि त्यांचे भिक्षू यांच्या हाती फार काही नव्हते, हे मी जाणते. तलवारीपुढे मठाचे काय चालणार? तरीही वस्तुस्थिती अशी आहे की शरण आलेले मूल ज्या दारातून बाहेर गेले ते दार आपल्या संस्थेचे होते. एका मुलाचे धर्मपितृत्व आणि दुसऱ्याला दिलेले अभय, ही दोन नाती असताना त्यांच्या नावाने ठेवलेल्या अस्थी खरोखर त्यांच्याच आहेत की नाहीत, हे जाणून घेण्याची सर्वाधिक आच आपल्यालाच असायला हवी. इंग्लंडमधील दुसऱ्या कोणत्याही संस्थेपेक्षा हे कर्तव्य आपले अधिक आहे.

मुलांच्या बहिणींचा विचार या चर्चेत फार थोडा होतो, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते. राणी आणि तिच्या मुली आपल्या आवारात जवळजवळ दहा महिने राहिल्या. १ मार्च १४८४ रोजी तिसऱ्या रिचर्डने लॉर्ड, बिशप आणि लंडनचे अधिकारी यांच्यासमोर शपथ घेतली की एलिझाबेथ, सिसिली, ॲन, कॅथरीन आणि ब्रिजेट या पाच मुलींच्या जिवाला धोका होणार नाही आणि त्यांना टॉवरमध्ये किंवा अन्य तुरुंगात डांबले जाणार नाही. तेव्हाच त्या बाहेर आल्या. टॉवरचा उल्लेख त्या शपथेत नावानिशी आहे, यावरून आईच्या मनात कोणती भीती होती ते स्पष्ट दिसते. भावांचे काय झाले, हे त्या शपथेत नाही.

त्याच वर्षीच्या पार्लमेंटने चौथ्या एडवर्डचा विवाह बेकायदेशीर ठरवून सर्व मुलांना अनौरस म्हटले होते. राजाने आधी एलेनॉर बटलर हिला विवाहाचे वचन दिले होते, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला आणि त्याचा प्रतिस्पर्धी, ट्यूडर घराण्याचा सातवा हेन्री, गादीवर आला, तेव्हा त्याला थोरल्या एलिझाबेथशी लग्न करून यॉर्क पक्ष आपलासा करायचा होता. त्यासाठी तिला औरस ठरवणे भाग होते, म्हणून त्याने तो कायदा न वाचता रद्द करवला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याची आज्ञा दिली. येथे एक पेच होता. बहीण औरस ठरली की भाऊही औरस ठरतात. आणि भाऊ औरस असतील व जिवंत असतील, तर हेन्रीला राज्यावर कसलाच हक्क उरत नाही. म्हणून भावांचा मृत्यू नवीन राजवटीला जुन्या राजवटीइतकाच आवश्यक होता. असे असूनही हेन्रीने कधी मृतदेह दाखवले नाहीत आणि कधी जाहीर चौकशी केली नाही. एलिझाबेथ ऑफ यॉर्क जानेवारी १४८६ मध्ये राणी झाली, तिने आर्थर, मार्गारेट, हेन्री आणि मेरी यांना वाढवले, आणि ११ फेब्रुवारी १५०३ रोजी, आपल्या सदतिसाव्या वाढदिवशी, बाळंतपणानंतर काही दिवसांनी टॉवरमध्येच वारली. ज्या इमारतीत तिचे दोन भाऊ नाहीसे झाले तिच्याच तटांच्या आत तिचा शेवट झाला, आणि आपले भाऊ कोठे पुरले आहेत हे तिला कधी कळले, असा एकही कागद नाही. आज ती आपल्या ॲबीत पतीशेजारी आहे, आणि तो कलशही त्याच चॅपेलमध्ये आहे.

इतर बहिणींची आयुष्ये राजकारणाने वाकवली. सिसिलीने दोनदा वैधव्य वा विवाहभंग सोसून तिसरे लग्न राजाच्या परवानगीविना एका साध्या गृहस्थाशी केले आणि दरबाराचा रोष ओढवून घेतला. ॲनची मुले वाचली नाहीत. ब्रिजेट डार्टफर्डच्या मठात जोगीण झाली. कॅथरीनचे लग्न विल्यम कोर्टनीशी झाले. त्याला यॉर्क पक्षाच्या कटाच्या संशयावरून कित्येक वर्षे कैदेत ठेवले गेले, आणि तिचा मुलगा हेन्री कोर्टनी, एक्सिटरचा मार्क्विस, याचे शिर त्याच्याच मावसभावाने, म्हणजे आठव्या हेन्रीने, १५३८च्या शेवटी वा १५३९च्या आरंभी उडवले. हेन्री कोर्टनीचा मुलगा एडवर्ड हा बारा वर्षांच्या सुमाराचा असताना टॉवरमध्ये गेला आणि पंधरा वर्षांनी बाहेर आला. पुढे १५५६ मध्ये तो इटलीत पाडुआ येथे वारला.

या दोन मुलांच्या मृत्यूविषयीच्या अनिश्चिततेची किंमत चुलत भावंडांनीही मोजली. पर्किन वॉरबेक नावाचा तरुण ‘मी रिचर्ड, यॉर्कचा ड्यूक’ असे सांगत कित्येक वर्षे युरोपच्या दरबारांतून फिरला; बर्गंडीच्या मार्गारेटने, म्हणजे मुलांच्या सख्ख्या आत्याने, त्याला भाचा म्हणून स्वीकारले. २३ नोव्हेंबर १४९९ रोजी त्याला टायबर्नला फाशी झाली, आणि पाचच दिवसांनी त्याच्याशी संगनमत केल्याच्या आरोपावरून चौथ्या एडवर्डचा भाऊ असलेल्या क्लॅरेन्सच्या ड्यूकचा मुलगा एडवर्ड, वॉरिकचा अर्ल, याचा शिरच्छेद झाला. हा चोवीस वर्षांचा तरुण दहाव्या वर्षापासून कैदेत होता. त्याची बहीण मार्गारेट पोल हिला सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, मे १५४१ मध्ये, टॉवरमध्येच मारले गेले. १८८६ मध्ये कॅथलिक चर्चने तिला धन्य घोषित केले.  यांपैकी वॉरबेक आणि वॉरिक यांना तरी बहुतांशी यासाठी मरावे लागले की दोन मुलांच्या मृत्यूची खात्री कोणालाही देता आली नाही.

आता वंशजांविषयी. चौथ्या एडवर्डचा औरस पुरुषवंश त्याच्या मुलांबरोबर संपला. अनौरस मुलगा आर्थर प्लँटॅजेनेट, लाइलचा व्हायकाउंट, १५४२ मध्ये टॉवरमध्येच वारला. परंतु एलिझाबेथच्या पोटी तो वंश आजतागायत राज्य करतो आहे. तिची मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला दिली गेली, तिचा पणतू सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला, त्याची नात सोफिया हिच्यापासून हॅनोव्हर घराणे आले आणि त्याच धाग्याने आजचे राजे तिसरे चार्ल्स हे चौथ्या एडवर्डचे वंशज आहेत. आपल्या चॅपेलमध्ये निजलेल्या मेरी आणि एलिझाबेथ या दोन्ही राण्या त्याच्या पणत्या. कलश बसवणारा दुसरा चार्ल्सही त्याच वंशातला. आणि १५६० मध्ये मठाच्या जागी डीन आणि चॅप्टर ही आजची रचना ज्या राणीने निर्माण केली तीही तीच पणती, पहिली एलिझाबेथ. ही विनंती आपण आणि राजेसाहेब यांच्यासमोर आली तर ती एका अर्थी घरातल्याच माणसांकडे घरातल्याच दोन मुलांविषयी केलेली विचारणा ठरेल.

१६७४चा पुरावा काय होता, हे एकदा नीट पाहावे. टॉवरच्या मधल्या जुन्या बुरुजातील, म्हणजे व्हाइट टॉवरमधील, चॅपेलकडे जाणारा जिना पाडताना कामगारांना सुमारे दहा फूट खोलीवर एका लाकडी पेटीत लहान मुलांचे दोन सांगाडे सापडले. अस्थी आधी मातीच्या ढिगाऱ्यावर फेकल्या गेल्या, मग गोळा केल्या गेल्या, आणि चार वर्षांनी कलशात आल्या. त्या राजपुत्रांच्या आहेत हे ठरवण्याचा मुख्य आधार सोळाव्या शतकातील लेखक सर थॉमस मोर यांचा वृत्तांत होता, कारण त्यात मुलांना जिन्याच्या पायथ्याशी पुरल्याचे म्हटले आहे. पण तोच वृत्तांत पुढे असेही सांगतो की नंतर एका धर्मगुरूने ते मृतदेह उकरून दुसऱ्या, कोणालाही ठाऊक नसलेल्या जागी नेले. अर्धे वाक्य स्वीकारून अर्धे सोडून दिले तरच जिन्याखालच्या अस्थी राजपुत्रांच्या ठरतात. टॉवरची जमीन रोमन काळापासून माणसांच्या वापरातली आहे, आणि इतक्या खोलीवर सापडलेली हाडे कोणत्याही शतकातली असू शकतात.

१९३३ मध्ये आपल्या पूर्वसूरींनी कलश उघडू दिला. ॲबीचे अभिलेखपाल लॉरेन्स टॅनर आणि शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम राइट यांनी हाडे तपासली, दंतवैद्याचे मत घेतले आणि वये राजपुत्रांच्या वयांशी जुळतात असा निष्कर्ष काढला. हे काम त्यांनी प्रामाणिकपणे केले, याविषयी मला शंका नाही. परंतु हाडे मुलांची की मुलींची, हे त्यांना ठरवता आले नाही. ती कोणत्या शतकातली, हेही नाही, कारण कार्बन कालनिर्धारणाची पद्धत तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्यांच्यात जनावरांची हाडेही मिसळलेली आढळली. ओळख आधीच गृहीत धरून तपासणी झाल्याची टीका नंतरच्या तज्ज्ञांनी वारंवार केली आहे. त्यानंतर कलश पुन्हा बंद झाला, आणि परीक्षणाच्या पुढील विनंत्या नाकारल्या गेल्या.

१९३३ आणि आज यांच्यात जो फरक पडला आहे तो याच कुटुंबातील एका माणसामुळे पडला आहे. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. त्याची बहीण ॲन ऑफ यॉर्क हिच्यापासून केवळ मुलींच्या मार्गाने चालत आलेल्या दोन हयात वंशजांशी त्याचा मातृवंशीय डीएनए जुळला आणि २०१४ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुष्कळांना वाटते की त्याच वंशजांशी कलशातील अस्थीही ताडून पाहता येतील. तसे होणार नाही. मातृवंशीय डीएनए आईकडून येतो; रिचर्डचा तो आई सिसिली नेव्हिलकडून आलेला होता, तर राजपुत्रांचा एलिझाबेथ वुडव्हिलकडून आणि तिची आई लक्झेंबर्गची जॅकेटा हिच्याकडून येणार. त्यासाठी जॅकेटापासून मुलींच्या मार्गाने उतरलेली निराळी शाखा शोधावी लागते. परंतु पुरुषाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र मात्र चुलता आणि पुतणे यांच्यात एकच असायला हवे, आणि रिचर्डचे वाय गुणसूत्र आता शास्त्रज्ञांच्या हाती आहे. अस्थी मुलग्यांच्या निघाल्या, पंधराव्या शतकातल्या निघाल्या, परस्परांचे सख्खे भाऊ असल्याचे दिसले आणि त्यांचे वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळले, तर त्या कोणाच्या आहेत याविषयी शंकेला जागा उरणार नाही.

वाय गुणसूत्र जुळले नाही तर एकदम नकारार्थी निष्कर्ष काढता येणार नाही, हेही येथेच नोंदवते. रिचर्डच्या परीक्षणात असे दिसले की तिसऱ्या एडवर्डपासून पुरुषमार्गाने आल्याचे कागदोपत्री मानल्या गेलेल्या, बोफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या हयात वंशजांचे वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळत नाही. मधल्या पिढ्यांत कोठेतरी नोंदीतला बाप खरा बाप नव्हता. चौथ्या एडवर्डच्या स्वतःच्या जन्माविषयीही त्याच्या हयातीतच कुजबुज होती. म्हणून दोन्ही बाजूंचे, पित्याकडचे आणि मातेकडचे, परीक्षण एकत्र करावे लागेल. ते करण्याची साधने आज आहेत आणि लागणारा अस्थीचा नमुना अत्यल्प असतो.

मृतांची शांतता भंगू नये, हा आक्षेप मी मनापासून मानते. परंतु याच कुटुंबाच्या बाबतीत आपल्या ॲबीने दाखवलेले उदाहरण त्याला उत्तर देते. १९६४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात कामगारांना एक शिशाची शवपेटी सापडली. ती धाकट्या राजपुत्राच्या त्या बालवधूची, ॲन मोब्रेची होती. तज्ज्ञांनी अवशेषांचा अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी आपण तिला सन्मानाने ॲबीत परत घेतले.  तिची ओळख तिला परत मिळाली. जे तिच्या बाबतीत झाले ते तिच्या नवऱ्याच्या म्हणून ठेवलेल्या अस्थींच्या बाबतीत का होऊ नये?

दुसरा आक्षेप असा ऐकू येतो की अस्थी राजपुत्रांच्या नाहीत असे निघाले तर त्यांचे काय करायचे. त्या तरीही दोन मुलांच्या अस्थी असतील. त्यांना तेथेच राहू द्यावे; फक्त लेखाशेजारी खरे काय ते लिहावे. परक्या मुलांवर दुसऱ्यांचे नाव आणि दुसऱ्यांच्या मृत्यूची कथा लादून ठेवणे हा त्यांच्यावरचाही अन्याय आहे.

गेल्या काही वर्षांत नवे कागद पुढे आले आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला बोट दाखवतात. फ्रान्समधील लील येथील दप्तरात डिसेंबर १४८७ची एक पावती सापडली, तिच्यात एडवर्ड राजाच्या मुलासाठी, बर्गंडीच्या मार्गारेटच्या भाच्यासाठी, भाले खरेदी केल्याचा उल्लेख आहे. राजपुत्र जिवंत होते असे मानणारे ती पुढे करतात. दुसरीकडे मार्गारेट कॅपेल या सरदार स्त्रीच्या १५१६च्या मृत्युपत्रात पाचव्या एडवर्डच्या साखळीचा उल्लेख मिळाला, आणि तिचे नाते मुलांच्या खुनाचा आरोप असलेल्या जेम्स टिरेलशी पोहोचते. म्हणून राजपुत्र मारले गेले असे मानणारे तो पुढे करतात. हे दोन्ही अभ्यास मला मोलाचे वाटतात. पण कागदाला कागदाने उत्तर देत हा वाद आणखी शंभर वर्षे चालू शकेल, आणि या सबंध काळात प्रत्यक्ष तपासता येईल असा एकमेव भौतिक पुरावा आपल्या संगमरवरी कलशात बंद राहील.

परीक्षण करायचे ठरले तर ते कसे व्हावे, याविषयीही दोन शब्द. कलश मोजक्या माणसांसमोर, प्रार्थनेसह उघडावा. अस्थी ॲबीच्या आवाराबाहेर शक्यतो जाऊ नयेत; केवळ लहान नमुने जावेत, तेही एकाहून अधिक स्वतंत्र प्रयोगशाळांकडे, म्हणजे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येईल. छायाचित्रे आणि त्रिमितीय नोंद कायमची जतन करावी, जेणेकरून पुढे पुन्हा कलश उघडण्याची वेळ येऊ नये. निष्कर्ष काहीही निघो, संपूर्ण अहवाल सर्वांसाठी खुला असावा, आणि अस्थी होत्या त्याच जागी परत ठेवाव्यात. जुना लॅटिन लेख पुसू नये; तो १६७८च्या समजुतीचा दस्तऐवज आहे आणि त्याचे स्वतःचे मोल आहे.

फलकाला मात्र राजाज्ञेची, प्रयोगशाळेची किंवा कलश उघडण्याची आवश्यकता नाही. तो चार ओळींचा असला तरी पुरे. या अस्थी १६७४ मध्ये टॉवरमध्ये सापडल्या, त्या चौथ्या एडवर्डच्या दोन मुलांच्या असल्याचे तेव्हा मानले गेले, १९३३ मध्ये त्यांची तपासणी झाली, आणि त्यांची ओळख अद्याप निश्चित झालेली नाही, एवढेच त्यावर असावे. एवढ्या फलकाचा निर्णय चॅप्टर आपल्या पुढच्या बैठकीत घेऊ शकेल असे मला वाटते. परीक्षणाच्या विनंतीवर आपला निर्णय होकारार्थी असो वा नकारार्थी, तो कारणांसह लेखी स्वरूपात जाहीर करावा, ही नम्र प्रार्थना.

कळावे.

आपली विश्वासू,
इंग्लंडच्या मध्ययुगीन इतिहासाची एक मराठी वाचक